निदानावरची सही आणि तिच्या आधीची पानं

जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत केस पेपरवर निदानाची ओळ सगळ्यात शेवटी येते आणि तिच्याखाली सही असते मनोविकारतज्ज्ञांची. त्या ओळीच्या वरची पानं मात्र बहुतेक वेळा आमच्या हातची असतात, म्हणजे मनोसामाजिक कार्यकर्त्यांच्या. सरकारी पदनाम समाजसेवा अधीक्षक. माहिती घेता घेता आजार कोणता असावा याचा अंदाज आम्हाला आलेला असतो. बाहेर बाकावर बसलेले घरचे विचारतात, "मॅडम, नक्की काय झालंय याला?" तो अंदाज सांगायचा अधिकार आम्हाला किती, लिहायचा किती आणि कायद्यानेच तो लिहायला कधी लावलं आहे, याबद्दल आमच्या क्षेत्रातही बराच गोंधळ आहे. या कामात नव्याने येणाऱ्यांना आणि रुग्णाला घेऊन हेलपाटे घालणाऱ्या घरच्यांना उपयोगी पडावं म्हणून हे कागद कसे तयार होतात ते लिहीत आहोत.

आधी कायदा. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३ प्रमाणे मानसिक आजार ठरवायचा तो राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालेल्या वैद्यकीय निकषांनी, म्हणजे व्यवहारात जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडीने (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने). त्याच कलमात दोन कडक बंधनं आहेत. उपचारांशी थेट संबंध नसेल किंवा या कायद्यात येणारी बाब नसेल, तर कुणालाही 'मानसिक आजारी' असं वर्गीकृत करता येत नाही. जात, धर्म, गरिबी, राजकीय मत किंवा घरच्यांच्या-समाजाच्या चालीरीतींशी न पटणं, यावरूनही आजार ठरवता येत नाही. कलम १०६ सांगतं की कुठल्याही व्यावसायिकाने स्वतःच्या विद्याशाखेबाहेरचं औषध किंवा उपचार सुचवू नयेत. "ही गोळी अर्धी करा" हे आम्ही फोनवरसुद्धा सांगायचं नाही, ते त्यामुळे.

पण याच कायद्यात कलम ५५ आहे, आणि ते आमच्यातल्या अनेकांनी वाचलेलंच नसतं. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोसामाजिक कार्यकर्ते यांची नोंदणी करायची, त्यांची यादी प्रसिद्ध करायची आणि या नोंदणीनंतर ते 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' म्हणून काम करू शकतात, असं त्यात आहे. हा दर्जा मिळाला की काही ठिकाणी आमचं स्वतंत्र मत कायदेशीर वजनाचं होतं. ती ठिकाणं पुढे येतील.

पात्रतेची अट इथेच लक्षात घ्यायला हवी. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे मनोसामाजिक कार्यकर्ता म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि शिवाय मनोसामाजिक कार्यातलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., तेही देखरेखीखालच्या रुग्णालयीन प्रशिक्षणासह. नुसतं एमएसडब्ल्यू, म्हणजे फक्त समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, या व्याख्येत बसत नाही, मग विशेष विषय वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य असला तरी. या विषयाचं शिक्षण देशात पहिल्यांदा सुरू झालं ते मुंबईत. १९३६ साली स्थापन झालेल्या आणि आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत १९४८ मध्ये डॉ. गौरी राणी बॅनर्जी यांनी तो अभ्यासक्रम उभा केला. तरीही प्रत्यक्षात अनेक पदांवर एमएसडब्ल्यू झालेली माणसं काम करतात, आणि चांगलं काम करतात. त्यांनी माहिती घ्यावी, समुपदेशन करावं, घरभेटी द्याव्यात. कायदा जिथे 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' म्हणतो तिथे मात्र नोंदणी नसताना सही करू नये. ती सही पुढे या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळासमोर टिकत नाही आणि रुग्णाची रुग्णालयातली भरतीच अवैध ठरण्याची वेळ येते. त्यात नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.फिल. ही पदवीच बंद होत आली. या विषयातल्या प्रवेशांना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली खरी, पण कायद्यातली व्याख्या आणि विद्यापीठातली पदवी यांची सांगड नीट घातली गेली नाही, तर नोंदणीला पात्र माणसंच उरणार नाहीत.

आता प्रत्यक्ष कागद.

रुग्णाची माहिती घेताना पहिली नोंद माहिती देणाऱ्याची: तो रुग्णाचा कोण, एकाच घरात राहतो का, आजार सुरू झाला तेव्हा सोबत होता का. मुंबईहून आलेला मोठा भाऊ सगळं ठामपणे सांगतो आणि दारात उभी असलेली, रोज सोबत राहणारी बायको गप्प असते, हे नेहमीचं. म्हणून शक्य तिथे दोन माणसांना वेगवेगळं बसवून विचारायचं आणि कोण काय म्हणालं ते वेगळं लिहायचं. रुग्णाशीही एकट्याने बोलायचं. बाईमाणसाच्या बाबतीत तर सासरचे खोलीबाहेर गेल्याशिवाय मारहाणीचा विषय निघत नाही, आणि मारहाणीने झोप उडालेल्या, दचकणाऱ्या बाईला 'संशयी' म्हणून आणलं जातं.

तक्रार त्यांच्याच शब्दांत लिहायची. "वेड्यासारखं करतो" हे मात्र लिहून उपयोगाचं नाही. "काल सकाळी उठल्यापासून त्याने काय काय केलं, ते सांगा" असं विचारलं की खरी माहिती येते. संशय घेतो म्हणजे कुणावर, कशावरून, आणि उलट पुरावा दाखवला तर काय म्हणतो? एकटाच बडबडतो म्हणजे पुटपुटतो की कुणाला तरी उत्तरं देतो? आवाज येतात तर ते डोक्यात की बाहेरून, एकाचा की अनेकांचे, त्याच्याशी बोलतात की त्याच्याविषयी आपसात बोलतात, काही करायला सांगतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर बाकीचे रकाने नंतर भरायचे, आधी डॉक्टरांना उठवायचं.

काळाचा हिशोब हा निदानाचा कणा आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात. आयसीडी-१० प्रमाणे नैराश्याचा झटका म्हणायला साधारण दोन आठवडे लागतात, उन्मादाला (मॅनिया) एक आठवडा, छिन्नमनस्कतेला (स्किझोफ्रेनिया) एक महिना. दोन आठवड्यांच्या आत झपाट्याने सुरू झालेल्या मनोविकृतीचा, म्हणजे वास्तवाचं भान सुटणाऱ्या आजाराचा, वेगळा गट आहे, आणि त्यातले बरेच रुग्ण पूर्ण बरे होतात. त्यामुळे "बरेच दिवस झाले" या उत्तरावर थांबलो तर तज्ज्ञांच्या हातात काहीच पडत नाही. घरच्यांना तारीख आठवत नाही, सण आठवतो. गणपतीत आरतीला उभा होता का? दिवाळीला नवे कपडे घातले का? ऊसतोडीला जायच्या आधी सुरू झालं की कारखान्यावर गेल्यावर? बीड-नगरकडच्या कुटुंबांत शेवटचा प्रश्न हमखास नेमकं उत्तर देतो. पहिलं लक्षण वागण्यात दिसलं की झोपेत, हेही विचारायचं. झोप बिघडल्याची तारीख आईला बहुतेक वेळा ठाऊक असते, आणि आजाराची खरी सुरुवात बऱ्याचदा घरच्यांनी सांगितलेल्या दिवसाच्या कितीतरी आधीची निघते.

देवाधर्माचं विचारताना आवाजात तिरस्कार आला की माणसं दार लावून घेतात. देवऋषीकडे, भगताकडे, दर्ग्यावर जाऊन आले असतील, तर कुठे, केव्हा, काय सांगितलं, किती खर्च झाला, साखळीने बांधलं का, उपाशी ठेवलं का, हे सगळं शांतपणे विचारायचं. बांधण्याच्या, चटके दिल्याच्या खुणा दिसल्या तर त्या लिहून डॉक्टरांना दाखवायच्या, कारण तिथे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लागू होऊ शकतो. अंगात येणं हे स्वतःहून आजाराचं लक्षण नव्हे. जत्रेत, आरतीच्या वेळी, ठरलेल्या दिवशी वारं येणाऱ्या आणि ते उतरल्यावर घरचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या बाईला निदान चिकटवणं म्हणजे कलम ३ मोडणं. ते अवेळी, नको असताना, कामात अडथळा आणत आणि त्रास देत येऊ लागलं तर गोष्ट वेगळी.

दारूबद्दल "थोडी घेतो" या उत्तराला काही अर्थ नाही. देशीची क्वार्टर १८० मिलीची, दिवसाला किती? सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, डोळा उघडल्यावर लगेच लागते का, आणि शेवटची कधी घेतली? शेवटचा प्रश्न जीव वाचवणारा आहे. पाय मोडून अस्थिरोग वॉर्डात पडलेला माणूस तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडू लागतो, आणि वॉर्डातून आमच्याकडे निरोप येतो की मनोरुग्ण आहे, घेऊन जा. दारू तुटल्यानंतर साधारण ४८ ते ७२ तासांत येणारा हा भ्रम वैद्यकीय तातडीचा विषय आहे. त्याला मनोरुग्णालयात पाठवण्याच्या खटाटोपात वेळ गेला तर माणूस दगावू शकतो.

निदानाची सही डॉक्टरकडे का असावी, याचं आमच्या मते सगळ्यात पक्कं कारण हेच आहे. मनाच्या लक्षणांमागे शरीर असू शकतं आणि ते तपासायचं प्रशिक्षण आम्हाला नाही. म्हणून काही खुणा दिसल्या की आम्ही त्या पहिल्या पानावर ठळक लिहितो: उतारवयात पहिल्यांदाच आणि अचानक सुरू झालेला आजार, संध्याकाळी वाढणारा आणि सकाळी कमी होणारा गोंधळ, ताप, काही आठवड्यांपूर्वी डोक्याला लागलेला मार, फिट, बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे, स्टेरॉइडच्या गोळ्या, थायरॉइडचा जुना त्रास. विसराळू झालेल्या आजोबांना 'वयाचं आहे' म्हणून घरी पाठवण्याआधी बी-१२, थायरॉइड आणि मेंदूभोवती साचलेलं रक्त या तीन गोष्टी डॉक्टरांनी पाहिलेल्या असाव्यात. या तपासण्या आम्ही लिहून देत नाही. पण ज्या माहितीवरून डॉक्टर त्या लिहितील ती त्यांच्यापर्यंत पोहोचवणं आमच्याच हातात असतं.

त्यानंतर मनःस्थिती तपासणी. पेहराव, हालचाल, बोलण्याचा वेग, भाव, विचारांचा ओघ आणि आशय, संवेदना, भान, लक्ष, स्मृती, निर्णय, आणि आजाराची जाण. इथे शिकाऊ मंडळी निष्कर्ष लिहितात, निरीक्षण लिहीत नाहीत. 'भाव विसंगत' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला ते मानावंच लागतं. 'वडिलांच्या मृत्यूबद्दल सांगताना हसत होता, विचारल्यावर कारण सांगता आलं नाही' असं लिहिलं तर तज्ज्ञ स्वतःचं मत बनवू शकतात. लक्ष तपासायला शंभरातून सात-सात वजा करायला लावणं शाळा न शिकलेल्या माणसावर अन्याय आहे. विसातून एक-एक मागे, आठवड्याचे वार उलटे, किंवा पन्नासच्या नोटेतून बत्तीसचा बाजार झाला तर परत किती, हे चालतं. कोणती चाचणी वापरली तेही लिहायचं, कारण पुढच्या भेटीत तीच वापरली तरच तुलना होते.

प्रश्नावल्यांचा उपयोग आहे, पण त्यांना निदान समजू नये. नैराश्य चाचपणाऱ्या पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न, एकूण गुण ० ते २७. दहा किंवा त्याहून जास्त आले की पुढे तपासणी करावी इतकाच त्याचा अर्थ. नुकतंच जवळचं माणूस गेलेल्या, हिमोग्लोबिन खाली गेलेल्या किंवा रात्रपाळी करणाऱ्या माणसालाही दहा गुण मिळतात. एकूण गुण कितीही असोत, नवव्या प्रश्नात, म्हणजे जीव नकोसा होण्याच्या प्रश्नात, शून्याशिवाय दुसरं काही आलं तर तिथेच थांबून पुढचं विचारायचं: कसं करायचं ठरवलंय, साधन घरात आहे का, याआधी प्रयत्न केला का. शेतकरी कुटुंबात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय आणि किल्ली कुणाकडे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. घरच्यांना टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ हा क्रमांक कागदावर लिहून द्यायचा.

इतकं झाल्यावर पानाच्या शेवटी आम्ही काय लिहितो? काही ठिकाणी तो रकाना रिकामा ठेवण्याची पद्धत आहे, 'निदान आपलं काम नाही' म्हणून. आम्हाला ही पद्धत चुकीची वाटते. ज्याने पाऊण तास माहिती घेतली त्याला काही मत नसणं शक्य नाही. ते मत कागदावर आलं नाही तर ते दाराशी कुजबुजून डॉक्टरांच्या कानावर जातं आणि त्याची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. म्हणून आम्ही लिहितो: 'प्राथमिक मत: एक महिन्याहून अधिक काळ मनोविकृतीची लक्षणं, दारूचा इतिहास नाही, मनोविकारतज्ज्ञांच्या तपासणीसाठी.' खाली नाव, पद, नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ. आयसीडीचा सांकेतांक लिहीत नाही, तो सही करणाऱ्याने लिहायचा. तज्ज्ञांचं निदान वेगळं निघालं तर आमची ओळ खोडायची नाही, तशीच ठेवायची. पुढच्या वेळी तीच शिकवते. उलट बाजूचा प्रकार याहून घातक आहे. तालुक्याच्या शिबिरात तज्ज्ञ अर्धा दिवस येणार, बाहेर रांग मोठी, म्हणून त्यांनी कोऱ्या कागदांवर आधीच सह्या करून ठेवायच्या आणि निदान आम्ही भरायचं. असा कागद कुणी पुढे केला तर हात लावू नये.

कायदा आमचं स्वतंत्र मत मागतो ते कलम ८९ मध्ये. रुग्ण स्वतःहून भरती व्हायला तयार नाही किंवा निर्णयासाठी त्याला खूप आधार लागतो, आणि त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे या कायद्याप्रमाणे रुग्णाच्या वतीने बोलणारा माणूस, अर्ज करतो, अशा वेळची ही भरती, जास्तीत जास्त तीस दिवसांची. तिच्यासाठी भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोघांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासावं लागतं. एक मनोविकारतज्ज्ञ, आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा वैद्यकीय व्यवसायी. म्हणजे नोंदणी झालेला मनोसामाजिक कार्यकर्ता दुसरा तपासणारा होऊ शकतो. दोघांनीही आपापला निष्कर्ष काढायचा की मानसिक आजार आहे आणि तो इतका तीव्र आहे की पुढच्या तीनपैकी काहीतरी घडलं आहे: रुग्णाने अलीकडे स्वतःला इजा करण्याची धमकी दिली वा प्रयत्न केला, किंवा दुसऱ्याशी हिंसक वागला वा त्याला इजेची भीती घातली, किंवा स्वतःची काळजी घेणं इतकं सुटलं की त्यातून त्याला धोका आहे. आजार आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडच्या समाजकार्यकर्त्याला या सहीत मिळतो, आणि ती सही माणसाचं स्वातंत्र्य काढून घेणारी असते.

म्हणून तो कागद कसा लिहायचा याबाबत आम्ही आग्रही आहोत. स्वतंत्र म्हणजे वेगळ्या वेळी, वेगळ्या पानावर, पहिल्याची टिपणं न वाचता. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. तज्ज्ञांनी लिहिलेला परिच्छेद समोर ठेवून तोच उतरवला जातो, वेळसुद्धा तीच पडते, आणि पुनर्विलोकन मंडळासमोर दोन कागद शब्दाला शब्द जुळले की स्वतंत्र तपासणी झालीच नाही हे उघड होतं. आमच्या पानावर तपासणीची तारीख आणि वेळ, जागा, भाषा, दुभाषी होता का, माहिती देणारे कोण, स्वतः काय पाहिलं, दुसऱ्यांनी काय सांगितलं, तीनपैकी कोणता आधार लागू होतो आणि कोणत्या घटनेवरून, हे वेगवेगळं येतं. 'घरात तोडफोड करतो' पुरेसं नाही. 'तीन दिवसांपूर्वी आईवर विळा उगारला, शेजाऱ्यांनी सोडवलं' हे पुरेसं आहे. पुढे निर्णयक्षमता: उपचारांची माहिती समजते का, नाकारल्यास काय होईल हे कळतं का, स्वतःचं म्हणणं शब्दांनी वा खुणांनी सांगता येतं का. निर्णय आपल्याला चुकीचा वाटला एवढ्यावरून क्षमता नाही असं म्हणता येत नाही. रुग्णाने आगाऊ निर्देश, म्हणजे आजारात आपल्यावर कसे उपचार व्हावेत याचं आधीच लिहिलेलं पत्र, करून ठेवला आहे का हे विचारल्याची नोंद हवी. आणि कमी बंधनाचा दुसरा मार्ग, म्हणजे घरी ठेवून उपचार किंवा रोजची ओपीडी, का चालणार नाही, हेही हवं.

शेतीचा वाद, घटस्फोट आणि प्रेमविवाह ही तीन प्रकरणं भरतीच्या आडून येतात. अर्ज करणारा प्रतिनिधी आणि सातबाऱ्यावरचा वाटेकरी एकच असेल तर घरभेट दिल्याशिवाय मत लिहू नये. आमची सही 'भरतीची गरज नाही' अशीही पडू शकते आणि तशी पडली की भरती या कलमाखाली होत नाही. हे तज्ज्ञांना आवडेलच असं नाही, पण दोन सह्या मागण्यामागे कायद्याचा हेतूच तो आहे. स्त्री किंवा अल्पवयीन रुग्णाची अशी भरती झाली तर तीन दिवसांत आणि इतरांची सात दिवसांत मंडळाला कळवावी लागते. ते पत्र कार्यालयात पडून राहू नये याचा पाठपुरावाही बहुतेक ठिकाणी आमच्याकडेच येतो. तीस दिवसांपुढे कलम ९० लागतं, आणि तिथे दोन्ही तपासणारे मनोविकारतज्ज्ञच हवेत. आमचा अधिकार तिथे संपतो.

दिव्यांग प्रमाणपत्राच्या वेळी आमचं काम पुन्हा पुढे येतं. मानसिक आजारामुळे आलेलं अपंगत्व मोजायला आयडियाज नावाचं भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी बनवलेलं मापन वापरतात. निदान आणि प्रमाणपत्र तज्ज्ञांचं व वैद्यकीय मंडळाचं, पण मुलाखत घेऊन गुण देण्याचं काम प्रशिक्षित समाजकार्यकर्ता करू शकतो. चार भाग आहेत: स्वतःची निगा, इतरांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम. प्रत्येकाला ० ते ४ गुण. त्यात आजाराच्या कालावधीचे गुण मिळवायचे: दोन वर्षांपेक्षा कमी असेल तर १, दोन ते पाच वर्षांना २, सहा ते दहाला ३, दहाच्या वर ४. एकूण २० पैकी ७ ते १३ गुण म्हणजे ४० ते ७० टक्के, १४ ते १९ म्हणजे ७१ ते ९९ टक्के, आणि सहा किंवा त्याहून कमी राहिलं तर ४० टक्क्यांखाली. हा तक्ता ४ जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेतला. मार्गदर्शक सूचना २०२४ मध्ये सुधारल्या गेल्या, म्हणून मंडळासमोर जाताना चालू तक्ताच हाताशी ठेवावा.

एका गुणाने माणूस योजनांच्या आत-बाहेर होतो. निगा १, संबंध १, संवाद १, काम २, आणि आजार दीड वर्षाचा म्हणून १, असे सहा झाले की बहुतेक सवलती गेल्या. त्याच रुग्णाचा आजार नीट विचारल्यावर तीन वर्षांपूर्वीचा निघाला तर सात होतात. जुने केस पेपर, औषधाच्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिलं, बाबाकडे नेल्याचं साल सांगणारा शेजारी, यातून कालावधी सिद्ध होतो, म्हणून घरच्यांनी एकही चिठोरा फेकू नये. कामाच्या भागात नोकरी, घरकाम किंवा शिक्षण यांपैकी जे त्या माणसाचं मुख्य काम आहे तेच धरायचं. घरी असलेल्या बाईला 'नोकरी नाही' म्हणून चार गुण देणं जितकं चूक, तितकंच 'घरकाम करते' म्हणून शून्य देणंही चूक. भाकरी स्वतः थापते का, की सासूने हाताला धरून बसवावं लागतं? गुण त्या उत्तराचे द्यायचे. मुलाखतीच्या दिवशी बरेच घरचे रुग्णाला अंघोळ घालून, दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून आणतात. मान म्हणून ते योग्यच. पण आम्ही विचारायचं ते एरवीचं.

मतिमंदत्व आणि मानसिक आजार यांची सरमिसळही इथे घात करते. २०१७ च्या कायद्यात मतिमंदत्व मानसिक आजारात धरलेलं नाही, त्याची मोजणी बुद्ध्यांकाने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात. लहानपणापासून चालणं-बोलणं उशिरा झालं का, शाळेत कुठवर गेला, हे दोन प्रश्न विचारले असते तर चुकीच्या टेबलासमोरची रांग वाचली असती, असे कितीतरी अर्ज येतात.

कागद मागायला येणाऱ्यांपैकी काहींना साफ नकार द्यावा लागतो. "माझी बायको सायको आहे, लिहून द्या, वकिलांनी सांगितलंय" असं म्हणणारा नवरा, कर्मचाऱ्याला काढायचं म्हणून पत्र मागणारी कंपनी, लग्नाआधी मुलीच्या फायलीची चौकशी करणारे सोयरे. कलम २३ प्रमाणे ही माहिती गोपनीय आहे. स्वतःची फाइल मागण्याचा हक्क कलम २५ ने रुग्णाला दिला आहे. कोर्टात मानसिक आजाराचा पुरावा दिला गेला आणि समोरच्याने तो नाकारला, तर कलम १०५ प्रमाणे प्रकरण पुनर्विलोकन मंडळाकडे जातं. समाजकार्यकर्त्याच्या लेटरहेडवरचं निदान कुणाच्याच उपयोगाचं नसतं, आणि देणाऱ्याला मात्र ते अडचणीत आणतं.

परदेशातून परत आलेल्या मराठी कुटुंबांचा प्रश्न वेगळा असतो. अमेरिकेत परवानाधारक क्लिनिकल समाजकार्यकर्ते अनेक राज्यांत स्वतःच्या सहीने निदान करतात. न्यू यॉर्कमध्ये त्यासाठी पदव्युत्तर पदवीनंतर किमान तीन वर्षांचा देखरेखीखालचा अनुभव लागतो, त्यात निदान, मानसोपचार आणि उपचार-नियोजनाचे रुग्णासोबतचे २,००० तास. त्याखालचा परवाना असलेल्याने निदान करायचं ते देखरेखीखालीच. आणि स्वतंत्र परवाना असला तरी छिन्नमनस्कता, द्विध्रुवीय विकार यांसारख्या गंभीर आजारात वैद्यकीय तपासणी आणि डॉक्टरांशी सल्लामसलत केल्याशिवाय सलग उपचार चालवता येत नाहीत, असं तिथला कायदा सांगतो. इंग्लंडमध्ये १९८३ च्या कायद्याखाली मान्यताप्राप्त मानसिक आरोग्य व्यावसायिक, जे बहुतेक समाजकार्यकर्ते असतात, सक्तीच्या भरतीचा अर्ज करतात, पण त्यासाठीच्या वैद्यकीय शिफारशी डॉक्टरांच्याच.

तिकडच्या क्लिनिकल समाजकार्यकर्त्याचं निदानपत्र घेऊन आलेल्या रुग्णाची इथे नव्याने तपासणी होते. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. तिथले निकष डीएसएमचे, म्हणजे अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेचे, इथले आयसीडीचे. सलग साडेतीन महिने लक्षणं असलेल्या तरुणाला तिथे स्किझोफ्रेनिफॉर्म म्हटलेलं असतं, कारण डीएसएमला छिन्नमनस्कतेसाठी सहा महिने लागतात. आयसीडीला एक महिना पुरतो, म्हणून इथे त्याच मुलाच्या कागदावर छिन्नमनस्कता असं येतं, आणि आईवडिलांना वाटतं की विमानातून उतरेपर्यंत आजार वाढला. येताना निदानाच्या पत्रासोबत लक्षणांच्या तारखा असलेला गोषवारा, रक्ततपासण्यांचे अहवाल आणि औषधं लिहून देणाऱ्या डॉक्टरांची मात्रांसह चिठ्ठी मागून घ्यावी. समाजकार्यकर्ता तिथेही औषध लिहीत नाही, त्यामुळे औषधाची माहिती त्याच्या पत्रात अर्धवट असते, आणि इथे पहिल्या भेटीत तज्ज्ञांना सगळ्यात आधी तीच लागते.